एका मताचे मोल

अहमदाबादच्या न्यायालयात वल्लभभाई पटेल उलटतपासणीस उभे राहिले की, खोटी साक्ष देणाऱ्याची गाळण उडे. 1913 मध्ये ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले आणि थोड्याच अवधीत नामांकित वकील झाले. दिवसा वकिली करावी आणि सायंकाळी क्लबात पत्ते खेळावेत, असा त्यांचा क्रम असे. पुढाऱ्यांच्या भाषणांची तर ते थट्टाच करीत. असे सुखवस्तू गृहस्थ नगरपालिकेच्या निवडणुकीला का बरे उभे राहिले?

त्या काळी अहमदाबाद मुंबई इलाख्यात होते. मोठ्या नगरपालिकांवर सनदी अधिकारी कमिशनर म्हणून नेमण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला होता. अहमदाबादेत आलेला इंग्रज कमिशनर सभासदांना जुमानीत नसे. पैसा नागरिकांचा, पण हुकूम साहेबाचा, अशी स्थिती झाली. त्याला कायद्यानेच वेसण घालील, असा निर्भय माणूस शहराला हवा होता. मित्रांनी वल्लभभाईंना गळ घातली. अरेरावीची त्यांना मुळातच चीड होती. ते उभे राहिले.

1917 च्या जानेवारीत दरियापूर विभागात निवडणूक झाली आणि वल्लभभाई अवघ्या एका मताने निवडून आले! पुढे ती निवडणूक रद्द ठरली. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात ते पुन्हा, आणि या वेळी बिनविरोध, निवडून आले. कमिशनरच्या कारभारातील दोष त्यांनी कागदपत्रांनिशी सभेपुढे मांडले. अखेर सरकारला त्या अधिकाऱ्यास तेथून हलवावे लागले.

परंतु साहेबाला शह देणे एवढेच का सभासदाचे काम? त्याच वर्षी शहरात प्लेगची साथ आली. शाळा बंद झाल्या, न्यायालये बंद झाली. ज्यांना शक्य होते, ते घरदार सोडून दूर निघून गेले. वल्लभभाईंनाही जाता आले असते. परंतु आरोग्य समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. ते शहरातच राहिले. अहमदाबादेतील दाट वस्तीच्या आळ्यांना ‘पोळ’ म्हणतात. त्या अरुंद पोळांतून ते स्वतः हिंडत. गटारे उपसून घेत, रोगट जागा जंतुनाशकाने स्वच्छ करवून घेत. एका मताने मिळालेले पद त्यांनी असे सार्थ केले.

पुढे 1924 ते 1928 या काळात ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. स्वतंत्र भारतात पाचशेंहून अधिक संस्थानांच्या विलीनीकरणाचे अवघड कार्य ज्यांनी पार पाडले, ते सरदार पटेल लोकसेवेचे पहिले धडे गटारांच्या काठी शिकले होते.

निवडणुकीस उभे राहणाऱ्या प्रत्येकाला लोक विचारतात, “आपण कशासाठी उभे आहात?” या प्रश्नाचे उत्तर मत मागताना शब्दांनी देता येते, पण खरे उत्तर निवडून आल्यावर, संकटाच्या वेळी, कृतीनेच द्यावे लागते.

स्वाध्याय
1. मित्रांनी वल्लभभाईंना निवडणुकीला उभे राहण्याची गळ का घातली?
2. ‘वेसण घालणे’ आणि ‘शह देणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
3. वल्लभभाई प्लेगच्या काळात शहर सोडून गेले असते तर त्यांच्या मतदारांना काय वाटले असते? पाच ओळी लिहा.