मातीवरची मुळाक्षरे

मदर तेरेसा हे नाव उच्चारताच कालीघाटच्या 'निर्मल हृदय'मधील मरणोन्मुख माणसे, कुष्ठरोग्यांच्या वसाहती आणि रस्त्यावर टाकून दिलेली अर्भके आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. हे स्वाभाविक होय. परंतु त्या कार्याला हात घालण्यापूर्वी सुमारे सतरा वर्षे त्या शाळेत शिकवीत होत्या, ह्या गोष्टीकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. शिक्षिका म्हणून त्यांनी जे कमावले, ते पुढे त्यांनी टाकून दिले की बरोबर नेले, हा प्रश्न त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

त्यांचे मूळचे नाव आग्नेस गोंजा बोयाजिऊ. आज उत्तर मॅसिडोनियाची राजधानी असलेल्या स्कोप्ये या शहरात २६ ऑगस्ट १९१० रोजी एका अल्बेनियन कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बंगालमध्ये काम करणाऱ्या मिशनऱ्यांच्या हकीकती ऐकून त्यांच्या मनात भारताची ओढ निर्माण झाली. १९२८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, घर सोडून त्या आयर्लंडमध्ये लोरेटो संघात दाखल झाल्या. या संघाच्या धर्मभगिनी १८४१ च्या अखेरीस कलकत्त्यास आल्या होत्या आणि मुलींचे शिक्षण हेच त्यांचे मुख्य कार्य होते. डब्लिननजीकच्या मठात काही आठवडे इंग्रजीचे प्राथमिक धडे घेऊन ही तरुणी बोटीत बसली आणि ६ जानेवारी १९२९ रोजी कलकत्त्यास पोहोचली. दार्जिलिंग येथे उमेदवारीचा काळ पुरा करून मे १९३१ मध्ये तिने पहिली व्रते घेतली आणि 'तेरेसा' हे नाव धारण केले.

कलकत्त्याच्या एंटाली भागात लोरेटो मठाच्या आवारात सेंट मेरी ही बंगाली माध्यमाची मुलींची शाळा होती. सिस्टर तेरेसा तेथे भूगोल व इतिहास शिकवीत. त्यांनी बंगाली भाषा इतकी आत्मसात केली की, त्याच नावाच्या दुसऱ्या भगिनीहून वेगळे ओळखण्यासाठी त्यांना 'बंगाली तेरेसा' म्हणू लागले. पुढे सेंट तेरेसा या प्राथमिक शाळेतील लहान मुलांचे वर्गही त्यांच्याकडे आले. तेथील पहिल्या दिवसाची हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. वर्गाची खोली अस्वच्छ होती. नव्या बाईंनी बाह्या सरसावल्या, पाणी व झाडू मागविला आणि जमीन झाडावयास आरंभ केला. मुले चकित होऊन पाहत राहिली. केर काढणे हे हलक्या समजल्या गेलेल्या जातींचे काम, अशी समजूत ज्या समाजात रुजली होती, त्या समाजातील मुलांना हा प्रकार अपूर्वच होता. थोड्या वेळाने मुली मदतीस आल्या, मुलांनी पाणी आणले, आणि खोली स्वच्छ झाली. ही मुले पुढे त्यांना 'मा' म्हणू लागली.

मे १९३७ मध्ये त्यांनी आजन्म व्रते घेतली. १९४४ मध्ये त्या सेंट मेरी शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. परंतु हे दशक बंगालला अत्यंत क्लेशकारक ठरले. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. ऑगस्ट १९४६ मध्ये कलकत्त्यात भीषण दंगल उसळली. वसतिगृहातील सुमारे ३०० मुलींसाठी अन्न उरले नाही, तेव्हा मठाचा नियम मोडून त्या एकट्याच रस्त्यावर आल्या. गस्त घालणाऱ्या सैनिकांनी त्यांना परत पोहोचविले आणि तांदळाची पोती दिली. रस्त्यावरचे दृश्य मात्र त्यांच्या मनातून गेले नाही.

एंटालीच्या मठाची भिंत आणि मोतीझीलची झोपडपट्टी एकमेकींना लागून होत्या. नाव मोत्याच्या तळ्याचे. प्रत्यक्षात मध्यभागी एक गढूळ डबके, आणि तेच तेथील रहिवाशांचे पाणी. शाळेतील मोठ्या मुली सेवाकार्यासाठी अशा वस्त्यांतून जात व परत येऊन पाहिलेले सांगत. भिंतीच्या आत व्यवस्थित वर्ग भरत होते; भिंतीबाहेरच्या मुलांना वर्ग नव्हताच. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना भिंतीबाहेर जाण्याचा आदेश अंतःकरणात ऐकू आला, असे त्या सांगत. आर्चबिशपांनी घाई केली नाही. रोमहून अनुमती मिळण्यास १९४८ साल उजाडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निळ्या काठाची साधी पांढरी साडी नेसून त्यांनी लोरेटो सोडले. पाटण्यास काही काळ शुश्रूषेचे शिक्षण घेऊन त्या डिसेंबरमध्ये परतल्या.

आता त्यांच्यापाशी ना इमारत होती, ना पैसा, ना सहकारी. त्यांनी प्रथम जे केले, ते त्यांना उत्तम येत होते तेच: मोतीझीलमध्ये उघड्यावर शाळा सुरू केली. फळा नव्हता, एक काठी घेऊन त्यांनी जमिनीवरील मातीत बंगाली मुळाक्षरे काढली, आणि भोवती उकिडवी बसलेली मुले ती गिरवू लागली. अक्षरओळखीबरोबर अंग स्वच्छ ठेवण्याचे धडे होते, आणि स्वच्छ येणाऱ्या मुलाला बक्षीस म्हणून साबणाची वडी मिळे. सेंट तेरेसा शाळेतील झाडूचा आणि ह्या साबणाचा धडा एकच होता.

हे दिवस सोपे नव्हते. घराच्या शोधात हातपाय दुखेपर्यंत चालल्यावर लोरेटोतील सुखसोयी आपल्याला परत बोलावीत होत्या, असे त्यांनी आपल्या रोजनिशीत प्रांजळपणे नमूद केले आहे. त्यागाचा निर्णय एकदाच घ्यावा लागतो, असे दुरून पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात तो रोज नव्याने घ्यावा लागतो, हे त्या नोंदीवरून कळते.

मार्च १९४९ मध्ये त्यांच्याकडे पहिली सहकारी आली, ती सुभाषिनी दास. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने आपल्या गुरूचे बाप्तिस्म्याचे नाव घेतले व ती सिस्टर आग्नेस झाली. तिच्या मागून आलेल्यांतही सेंट मेरीच्या मुली होत्या. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघास मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा पाया एका शिक्षिकेच्या वर्गाने घातलेला होता. विद्यार्थिनींनी आपले शिक्षण अर्धवट टाकू नये, असा मदर तेरेसांचा कटाक्ष असे, हेही येथे लक्षात ठेवावे.

मराठी वाचकास ह्या ठिकाणी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांची आठवण होईल. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करून त्यांनी शाळा मुलाच्या अंगणात नेली. प्रेरणा भिन्न होत्या. एकीची धर्मश्रद्धा, दुसऱ्यांची बालशिक्षणशास्त्रावरील निष्ठा. परंतु मूल शाळेपर्यंत पोहोचू शकत नसेल तर चालावयाचे कोणी, ह्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर एकच होते.

पुढे कीर्ती आली: १९६२ मध्ये पद्मश्री, १९७९ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक, १९८० मध्ये भारतरत्न. ५ सप्टेंबर १९९७ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात एके काळी तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या डॉ. राधाकृष्णन यांचा हा जन्मदिवस आपण शिक्षकदिन म्हणून पाळतो. हा केवळ योगायोग होय. तरीही त्या दिवशी शाळाशाळांतून ज्यांचे स्मरण केले जाते, त्यांत मोतीझीलच्या मातीत अक्षरे काढणाऱ्या ह्या बाईंचे नाव असावयास हरकत नाही. त्यांनी वर्ग सोडला नव्हता; केवळ त्याच्या भिंती मागे ठेविल्या होत्या.