दिवस अंगावरून उतरवताना

सातारा

चि. सोनूस,


काल ताईचा फोन आला होता. शाखेत दुपारी लिंक गेली, काउंटरसमोर रांग वाढली, एका गिऱ्हाइकानं तुला नाही नाही ते ऐकवलं. संध्याकाळी कॅश टॅली करताना पाचशे रुपये कमी भरले. ते तू स्वतःच्या पर्समधून घातलेस आणि वर साहेबांचं बोलणं सगळ्या स्टाफसमोर खाल्लंस. घरी येऊन जेवली नाहीस, खोलीचं दार लोटून घेतलंस आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत पडून राहिलीस. ताई घाबरली आहे. मी घाबरलेले नाही, पण गप्पही बसवत नाही. बँकेनं तुला व्हाउचर, क्लिअरिंग, केवायसी सगळं शिकवलं. असा दिवस अंगावरून उतरवायचा कसा, हे मात्र कोणत्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. आम्हाला नर्सिंगच्या शाळेतही नव्हतं शिकवलं. ते वॉर्डात, वयानं मोठ्या सिस्टर्सकडे बघून शिकले.

सगळ्यात आधी एक समजून घे. साहेबांचं बोलणं संध्याकाळी सहाला संपलं होतं. तुझं शरीर रात्री दहालाही काउंटरवरच उभं होतं. कोणी अंगावर ओरडलं की रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरतं, छाती धडधडते, खांदे आणि जबडा आवळतो, पोटाचं काम मंदावतं. म्हणूनच तुला जेवण गेलं नाही, ते नखरे नव्हते. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९१५ साली आपल्या पुस्तकात हे सगळं मांडलं: लढायची किंवा पळायची तयारी. काउंटरवर बसलेल्या मुलीला यातलं काहीच करता येत नाही. गिऱ्हाइकाशी भांडता येत नाही आणि खुर्ची सोडून पळताही येत नाही. तयारी पूर्ण होते आणि तशीच अंगात राहते. अशा वेळी ‘विसरून जा’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या सांगण्याचा उपयोग शून्य. मन असं सांगून ऐकत नाही. आधी शरीराला पटावं लागतं की संपलं, आता धोका नाही. मग मन आपोआप मागून येतं. या पत्रात मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता हे वाचता वाचताच एक करून बघ. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची तीन बोटं ठेव. अंगठा ठेवू नकोस, त्याचा स्वतःचा ठोका लागतो आणि गफलत होते. नाडी सापडली की सावकाश श्वास घे आणि त्याहून सावकाश सोड. बोटांखाली लक्ष दे. श्वास आत येताना ठोके जरा भरभर पडतील आणि बाहेर जाताना त्यांच्यातलं अंतर वाढेल. तुझ्या वयाला हा फरक चांगला जाणवतो. हा आजार नव्हे, निरोगी हृदयाचं लक्षण आहे. मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची एक मोठी नस आहे, तिचा लगाम श्वास सोडताना जास्त ओढला जातो. म्हणजे हृदय सावकाश करण्याचा एक मार्ग चोवीस तास तुझ्या हाताशी आहे. तीन आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. दम लागेल इतका ताणायचा नाही. पाच मिनिटं पुरतात.

हे घरी पोचेपर्यंत राखून ठेवायचं नाही. सीएसएमटीहून डोंबिवलीपर्यंतचा तास-सव्वा तास तुझ्या हातात आहे. त्या गाडीला तू वैतागतेस हे मला माहीत आहे, आणि सहा-साडेसहाच्या गर्दीत उभं राहून येणं म्हणजे काही विश्रांती नव्हे. पण तेवढा वेळ तुला कोणी काही विचारत नाही, कोणाचं पासबुक तुझ्यापुढे येत नाही. चढल्यावर लगेच फोन काढून दिवसभराची कहाणी मैत्रिणीला सांगायला लागू नकोस. नुकत्याच झालेल्या भांडणाची उजळणी केली की शरीर ते भांडण पुन्हा एकदा लढतं. पहिली काही स्टेशनं फक्त श्वास सोडत राहा, खांदे कानांपर्यंत उचलून धपकन खाली सोड, जबडा सैल कर. डब्यात कोणाचं लक्ष नसतं. मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका रोज बघतेस ना? त्या घरचं काम उरकत असतातच, पण दिवसभर डोक्यानं राबल्यावर हातांना असं साधं काम मिळालं की जीव शांतही होतो. कधी तूही एखादी जुडी घेऊन बस, जागा मिळाली तर.

घरी आलीस की आधी कपडे बदल. आम्ही ड्युटी संपली की युनिफॉर्म तिथेच उतरवायचो, कोपरापर्यंत हात धुवायचो आणि मगच घरची साडी नेसायचो. ते जंतूंसाठी होतं, पण रात्रभर जे बघितलं तेही तिथेच ठेवायला त्यानं मदत व्हायची. तू शाखेतले कपडे घालून पलंगावर आडवी होतेस ते बंद कर. गरम पाण्यानं अंघोळ कर. गरम पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, नंतर अंगातली उष्णता बाहेर जाते, शरीर आतून थोडं गार होतं आणि झोपेची वाट मोकळी होते. त्यासाठी अंघोळ आणि झोप यांत तास-दीड तासाचं अंतर असावं. मग मऊ भात, मेतकूट, तूप, लिंबाची फोड. अशा दिवशी पोटाला जड देऊ नये आणि उपाशीही ठेवू नये. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळ. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

यापुढचा उपाय आपल्या घरातला आहे आणि तो मला सगळ्यात प्रिय आहे. माझ्या आईकडे, म्हणजे तुझ्या आजीकडे, एक काशाची वाटी होती, तळहातात बसेल एवढी. शेतावरून दमून आलेल्या माणसाचे तळपाय ती त्या वाटीनं घासायची. तांबं आणि कथील मिळून कांसं होतं. वाटी जड असते आणि तिचं बूड गुळगुळीत असतं, त्यामुळे हात न दुखता छान दाब देता येतो. पलंगाच्या कडेला बस, एक पाऊल दुसऱ्या मांडीवर घे. तळव्याला चमचाभर तूप किंवा खोबरेल लाव. वाटीचं बूड टाचेपासून बोटांकडे आणि मग गोल गोल, न घाई करता फिरव. पावलाच्या कमानीत जरा जास्त वेळ दे, दिवसभर खुर्चीत लोंबकळलेल्या पायांचं तिथेच दुखणं असतं. पाच-सात मिनिटांत तळवा करडा-काळा दिसायला लागेल. अंगातली उष्णता निघाली, असं आजी म्हणायची. खरं तर धातू, तूप आणि घाम यांची ती क्रिया आहे, पाय निरोगी असो की थकलेला, काळा होणारच. पण त्यानं उपायाची किंमत कमी होत नाही. तळव्यावर सावकाश, एका लयीत फिरणारा दाब शरीराला सांगतो की आता इथे कोणी ओरडणार नाही. झालं की गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पाय स्वच्छ पूस आणि मगच उठ. तुपाळ पायांनी फरशीवर पडून हात मोडलेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत. आणि कधी तरी ताईचेही पाय घास. तिचाही दिवस वाईट जातो, ती सांगत नाही इतकंच.

शरीर असं निवलं की मग मनाकडे वळायचं. पाळी बदलताना आम्ही ‘ओव्हर’ द्यायचो. सात नंबरचं सलाईन दहाला संपेल, बारा नंबरचा ताप दोनदा बघायचा, चार नंबरच्या नातेवाइकांना डॉक्टरांशी बोलायचंय. हे सगळं रजिस्टरात लिहायचं, येणाऱ्या सिस्टरला बेडजवळ नेऊन तोंडानं सांगायचं आणि मग निघायचं. ज्या दिवशी ओव्हर नीट दिली जायची, त्या दिवशी घरी गेल्यावर ‘ते सांगायचं राहिलं का?’ हा भुंगा मागे लागायचा नाही. तुझ्या टेबलावर दुसरी कोणी येत नाही. आज अर्धवट राहिलेलं उद्या सकाळी तुलाच पुढे न्यायचंय. म्हणून ओव्हर उद्याच्या सोनूला दे. वहीत पाच मिनिटं लिही, मोबाइलवर नको. पाचशेच्या फरकासाठी सकाळी पहिल्या तासात मोठ्या रकमांची व्हाउचरं पुन्हा तपासायची. त्या गिऱ्हाइकाचं काम लिंक आल्यावर झालं का, ते बघायचं. साहेबांना एकट्यात भेटून सांगायचं की चूक दाखवा, पण केबिनमध्ये दाखवा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या झोपेच्या प्रयोगशाळेत ५७ तरुण-तरुणींना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींनी उद्याची कामं लिहिली, काहींनी झालेली. उद्याची कामं लिहिणारे लवकर झोपले आणि ज्यांनी ती जितकी नेमकी लिहिली तितकी झोप लवकर लागली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्याचं नवल वाटलं नाही, पण बरं वाटलं.

त्या वहीत एक गोष्ट लिहायची नाही: निर्णय. राजीनामा, बदलीचा अर्ज, कोणाला तोडून टाकणारा मेसेज, यातलं काहीही वाईट दिवसाच्या रात्री करायचं नाही. जे रात्री योग्य वाटतं ते सकाळी नऊलाही योग्य वाटलं, तर खुशाल कर. मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.

बोलायचं असेल तर बोलायला हवंच. पण समोरच्याला आधी सांग की मला सल्ला नको, फक्त ऐक. ताई ऐकता ऐकता तोडगे सुचवायला लागते आणि मग तू चिडतेस, हे मी बघितलंय. एकदा पूर्ण सांग, रडू आलं तर रड, आणि मग विषय बदल. तीच गोष्ट चौघांना सांगितली की ती चारपट मोठी होते. सांगायला माणूस नसेल तर गा, गुणगुण, आवाज बाहेर पडू दे. जात्यावर बसणाऱ्या बायकांनी सासर, माहेर, नवरा, भाऊ, विठ्ठल सगळं त्या दगडाला सांगून टाकलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या त्या ओव्यांची संख्या लाखावर गेली. पहाटेचं दळण हे कष्टाचंच काम होतं, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण हात एका लयीत चालू असताना गळ्यातून दुःख बाहेर काढायची सोय त्या बायकांनी स्वतः करून घेतली होती. आपल्याला ती का करता येऊ नये?

मोबाइलबद्दल मी थोडंच बोलेन, कारण तू ऐकणार नाहीस अशी ताईची खात्री आहे. तू थकलेली असतेस आणि त्यातल्या त्यात सोपं ते हातात घेतेस, हे मला कळतं. पण रील बघताना तू विसावत नाहीस, फक्त गुंतून राहतेस. दर अर्ध्या मिनिटाला नवं हसू, नवी भीती, नवा हेवा. त्यानं मेंदू जागाच राहतो आणि डोळ्यांवर पडणारा उजेड झोप आणखी लांबवतो. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि गजराचं साधं घड्याळ विकत घे. काही ऐकायचंच असेल तर दिवा घालवून रेडिओ लाव. तुझ्या बरोबरीच्या मुलामुलींमध्ये अशा दिवशी ‘बसू या’ म्हणायची पद्धत आहे, हेही मला माहीत आहे. दारूनं डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडत राहते आणि सकाळी तोच वाईट दिवस जडावलेल्या डोक्यानं पुढे चालू होतो.

सोनू, हे सगळं वाईट दिवसासाठी आहे, वाईट वागणुकीसाठी नाही. साहेब एकदा तापले तर तो एक दिवस झाला. ते रोज चारचौघांत तुझा पाणउतारा करू लागले, तर तेल-तूप चोळून ते सहन करत बसायचं नाही. तारीख-वार लिहून ठेव, वरिष्ठांना लेखी कळव, युनियनच्या माणसांशी बोल. आणि दोन आठवडे उलटले तरी झोप येत नसेल, भूक मेली असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर तो थकवा नव्हे. तेव्हा डॉक्टरकडे जायचं, ताप आल्यावर जातो तसंच. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र असते. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. हा नंबर आत्ताच फोनमध्ये भरून ठेव आणि शाखेतल्या मैत्रिणींनाही दे.

काशाची वाटी इथल्या बाजारात चांगली मिळते. पुढच्या आठवड्यात मामा ठाण्याला येतोय, त्याच्याबरोबर एक वाटी आणि घरचं मेतकूट देते. मेतकुटाची बरणी फ्रिजमध्ये ठेवू नकोस, ओल धरते. मला फोन करायचा असेल तर कधीही कर. दुपारी दोन ते चार मी झोपलेली असते, तरी उचलेन. पाचशे रुपयांचा पत्ता लागला की तेही कळव.

ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी