पाळणाघराची पिशवी

पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचे आईबाबा दवाखान्यात आले की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘डॉक्टर, डबा अर्धा परत येतो, काय करू?’ अंथरुण-पांघरुणाबद्दल मात्र कुणीही विचारत नाही. दीड-दोन वर्षांचं मूल तिथे जेवणार वीस मिनिटं आणि झोपणार दोन तास. तरी आपली सगळी काळजी डब्यापाशी अडकलेली. आज दोन्हींबद्दल लिहिते. सुरुवात डब्यापासूनच करते, कारण तो विषय मिटल्याशिवाय तुमचं लक्ष पुढे जायचं नाही.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या जवळजवळ तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. पहिल्या वाढदिवसापर्यंत वाटीभर खिमट संपवणारं मूल दीड वर्षाचं झाल्यावर दोन घासांत तोंड फिरवतं, ते यामुळेच. एक दिवस चार चमचे खातील, दुसऱ्या दिवशी डबा चाटूनपुसून ठेवतील. हिशोब आठवड्याचा धरावा. वजन-उंची वयानुसार वाढते आहे, मूल हुंदडतं आहे, तर उरलेल्या खिचडीवरून रोज संध्याकाळी घरात चौकशी समिती नेमू नका. या वयाला चार-पाच मोठे चमचे मऊ भात-वरण आणि अर्धं केळं हे पोटभर जेवण असतं. आपण डबा भरतो तो मात्र आपल्या भुकेच्या मापाने.

पाळणाघरातल्या काकूंना ‘काहीही करून संपवा’ असं तर कधीच सांगू नका. त्यांच्याकडे दहा मुलं असतात. अशी ताकीद मिळाली की एक तर मोबाइल समोर धरला जातो, नाहीतर रडत्या तोंडात घास कोंबला जातो. रडताना मूल मोठा श्वास आत ओढतं आणि तेव्हाच घास श्वासनलिकेत जायची भीती असते.

मी डब्यात किती आहे यापेक्षा तो कधी भरला हे आधी विचारते. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी साडेबाराला उघडतो. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मे महिन्यातल्या उन्हाळ्यात तेवढाही वेळ मिळत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. मग उपाय दोनच. पाळणाघरात फ्रिज असेल तर डबा गेल्या गेल्या आत ठेवायचा आणि जेवताना वाफ येईपर्यंत गरम करून, निववून द्यायचा. फ्रिज नसेल तर चांगला थर्मासचा डबा. त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून टाका आणि मग वाफाळतं अन्न भरा. ‘तोंड भाजेल’ म्हणून कोमट खिचडी थर्मासमध्ये भरणं सगळ्यात वाईट, कारण तो डबा मग जंतूंना हवी तीच ऊब दुपारपर्यंत जपून ठेवतो.

भाताचं वेगळं सांगायला हवं. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजवला तरी मरत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ते वाढतात, विष तयार करतात आणि ते विष सकाळच्या फोडणीने जात नाही. त्यामुळे ओट्यावरच्या शिळ्या भाताचा फोडणीचा भात मुलाच्या डब्यात नको, कितीही आवडत असला तरी. शिकरण, ओल्या नारळाची चटणी, उकडलेलं अंडं हेही घरी, डोळ्यांसमोर खायचे पदार्थ. ओलावा कमी असलेल्या गोष्टी डब्यात जास्त तग धरतात: मऊ थालीपीठ, मुगाचं धिरडं, पालक घातलेला पराठा, तूप लावलेली इडली. घरची पोळी कुरकुरीत झाली असेल तर दोन वर्षांच्या मुलाला ती चावत नाही. ती वरणात कुस्करूनच द्यायला सांगा.

आता शेंगदाणा. चार वर्षांच्या आत अख्खा किंवा अर्धा शेंगदाणा, फुटाणे, भाजलेले चणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचा तुकडा यांतलं काहीही डब्यात नको. घरात चतुर्थीचा उपवास असला की मुलाच्या डब्यातही साबुदाण्याची खिचडी जाते. तिच्यातला कूट घाईत जाडसर निघालेला असतो, अर्धी-पाव डाळिंबी तशीच राहते आणि चिकट साबुदाण्याबरोबर सरकन आत जाते. कूट पिठासारखा बारीक करा. द्राक्षं उभी चार फोडी करून द्या, आडवी चकती कापली तर ती गोल नळीत बुचासारखी बसते. सीताफळाच्या मोसमात गर बियांशिवाय काढून पाठवा.

खाताना अचानक जोराचा ठसका लागला, मूल लाल झालं आणि नंतर शांत होऊन खेळायला लागलं, तरी ते प्रकरण संपलं असं धरू नका. दाणा फुप्फुसाच्या एखाद्या फांदीत जाऊन बसला की आधी काही दिसत नाही. मग खोकला सुरू होतो, छातीत एकाच बाजूला शिट्टी वाजते आणि सगळे त्याला सर्दीचा खोकला समजून औषधं देत राहतात. डॉक्टरांना ‘अमुक दिवशी ठसका लागला होता’ हे एक वाक्य सांगा. दुर्बिणीने दाणा काढावा लागेल का, हे त्या वाक्यावरून ठरू शकतं. मुलाला खोकताही येत नसेल, आवाज फुटत नसेल तर काय करायचं याचं प्रशिक्षण पाळणाघरातल्या कुणी घेतलंय का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. तिथल्या भिंतीवरच्या कार्टूनपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

दुधाबद्दल थोडक्यात. सकाळी घरी एक बाटली, पाळणाघरात दोन, रात्री एक, असं करत दिवसाला लिटरभर दूध पिणारी मुलं मी पाहते आणि त्यांच्याच घरून ‘जेवत नाही’ ही तक्रार येते. वर्षानंतर दिवसभरात ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. दुधात लोह अगदी कमी असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या (६ ते ५९ महिने) ६७ टक्के मुलांचं हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं. डाळ, पालेभाजी यांना डब्यात आणि अंड्याला घरच्या जेवणात जागा हवी, आणि वरणभातावर लिंबू पिळायला हवं, त्याने लोह शरीरात जास्त शोषलं जातं. चारच्या खाऊला बिस्किटाचा पुडा नको, आणि चहात बुडवलेलं बिस्कीट तर नकोच.

डबा धुताना झाकणाची रबरी रिंग नखाने उचकटून बघा. बहुतेक घरांत तिच्याखाली काळी, बुळबुळीत रेघ सापडते. ती बुरशी. सिपरच्या नळीतही तीच असते. रिंग रोज काढून धुवा, रात्रभर उघडी वाळू द्या.

आता गाठोड्याकडे येऊ. मुलाला लागतं ते थोडकंच: पातळ गादी किंवा दुहेरी सतरंजी, एक सुती चादर, एक हलकं पांघरूण. उशी दोन वर्षांपर्यंत लागत नाही, नंतरही पातळच. आजीने शिवलेली जाड गोधडी ऊबदार खरी, पण पावसाळ्यात ती वाळायला तीन दिवस घेते, म्हणून ती धुतलीच जात नाही. माझी कसोटी सोपी आहे. जे घरच्या बादलीत भिजून एका दिवसात वाळत नाही, ते पाळणाघरात पाठवू नये. जुन्या मऊ साडीची दोन पदरी पातळ गोधडी यासाठी उत्तम. असे दोन संच करा, कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याने नाव घाला, दर शनिवारी एक घरी आणून गरम पाण्यात धुवून उन्हात टाका. ऊन नसेल तर चादरीवर इस्त्री फिरवा. दमट पांघरुणावर बुरशी धरते आणि धाप लागणाऱ्या मुलांना ती फार सोसत नाही.

पाळणाघरात एकदा दुपारी, झोपेच्या वेळी डोकावून या. सगळ्यांची अंथरुणं एकावर एक रचून एका कपाटात ठेवलेली असतात का? कुणाचंही पांघरूण कुणालाही घातलं जातं का? खरूज आणि डोक्यातल्या उवा अशाच घरोघर पोचतात. प्रत्येकाचा संच वेगळ्या कापडी पिशवीत हवा. झोपताना शेजारशेजारच्या मुलांची डोकी उलटसुलट दिशांना हवीत, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याच्या तोंडावर येत नाही. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, लहान मुलांच्या तर तळहात-तळपायांवरही पुटकुळ्या येतात. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला महिना-दीड महिनाही जातो. म्हणून ‘कुणाच्या मुलाने आणली’ या भांडणाला अर्थ नसतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं. कपडे आणि अंथरुणं गरम पाण्यात धुवायची. धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवायचं.

झोपण्याआधी गळ्यातला काळा दोरा, ताईत, दुपट्याला लावलेली पिन, टोपीची नाडी काढायला सांगा. आजींना हे रुचत नाही, पण दोरा पायात बांधता येतो. आईच्या वासाचा कपडा जवळ हवा असेल तर हातरुमालाएवढा तुकडा द्या, अख्खी ओढणी नको. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, दात किडतात. बसता येणाऱ्या मुलाला कापडी झोळीत झोपवत असतील तर ते थांबवायला सांगा, मान अडकू शकते. धाकटं भावंड वर्षाच्या आतलं असेल तर नियम अधिक कडक: पाठीवर, सपाट गादीवर, आणि उशी नाही, मोहरीचीसुद्धा नाही.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे दुपारची झोप हीच त्याची संधी. जुलै ते नोव्हेंबर या काळात पिशवीत लांब बाह्यांचा पातळ सदरा आणि पायजमा हवा, शक्य असेल तर छोटी मच्छरदाणीही. बंद खोलीत कॉइल लावत असतील तर नको म्हणा.

साडेतीन-चारनंतर मूल झोपलेलं असेल, तर रात्री अकरापर्यंत ते तुम्हालाही झोपू देणार नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, त्यातली दुपारची कधी संपते हे काकूंना विचारून ठेवा. झोप लागावी म्हणून सर्दीचं औषध पिशवीत टाकणारेही पालक आहेत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं आहे. बाटली वाचा.

आणि सकाळी तापाचं औषध पाजून, ताप उतरल्या उतरल्या मुलाला सोडून येऊ नका. चार-सहा तासांत ताप पुन्हा चढतो, नेमका झोपेच्या वेळी, इतर नऊ मुलांच्या मध्ये. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच पाठवा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. मूल परत जायला लागण्याआधी, आजारपणात तिथेच राहिलेली चादर आणून धुवायला घ्या.