बांडगूळ नव्हे, सीतेची वेणी : ओळख व घरगुती निगा

कोकणात आंबा, फणसाच्या जुन्या झाडांवर पावसाळ्याच्या तोंडाला पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबताना दिसतात. हीच सीतेची वेणी. आसामात हिला 'कोपौ फूल' म्हणतात व ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळ बागायतदार हिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतात. शेतकरी बंधूंनो, हा गैरसमज दूर होणे आवश्यक आहे.

फरक कसा ओळखावा?

बांडगुळाचे चिकट बी फुलटोच्यासारखे पक्षी फांदीवर टाकतात. ते रुजून मुळे लाकडात शिरतात आणि झाडाचे पाणी व क्षार शोषतात. जोडाजवळ फांदी फुगून गाठ येते. अशी फांदी गाठीच्या खालून, बांडगुळाला फळे येण्यापूर्वी कापावी.

सीतेची वेणी ही ऑर्किड कुळातील वनस्पती झाडाचा केवळ आधार घेते. तिची जाड, रुपेरी मुळे सालीवरच पसरतात, लाकडात शिरत नाहीत. मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेते. अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. पाने जाड, पट्ट्यासारखी व मध्ये पन्हळ असलेली असतात.

हिचे बी धुळीइतके बारीक असून त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते व फुलावर येण्यास काही वर्षे लागतात. म्हणून एकदा खरवडलेले रोप सहजासहजी परत येत नाही.

रोप कोठून घ्यावे?

३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात असंख्य झाडे उन्मळून पडली. अशा वेळी, किंवा बागेतील जुने झाड तोडताना, फांदीवरील रोपे जळणाबरोबर जातात. ती वाचवावीत. जंगलातील उभ्या झाडांवरील रोपे मात्र काढू नयेत.

लागवड

१) शक्य तर सालीच्या तुकड्यासह रोप काढावे. सुकलेली व कुजलेली मुळे धारदार कात्रीने कापावीत.

२) जूनच्या सुरुवातीस अंगणातील आंबा किंवा फणसाच्या खरबरीत सालीवर, सकाळचे ऊन मिळेल अशा बाजूस, काथ्याने बांधावे. तार वापरू नये.

३) झाड नसल्यास लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे भरून लावावे. माती किंवा शेणखत घालू नये. हवा न मिळाल्याने मुळे कुजतात.

निगा

मुळांचा रंग पाहून पाणी द्यावे. मुळे हिरवट असतील तर ओल पुरेशी आहे. पांढुरकी झाल्यास पाण्याची गरज आहे. उन्हाळ्यात रोज सकाळी मुळांवर फवारा मारावा, थंडीत प्रमाण कमी करावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये, अन्यथा शेंडा कुजतो. टोपली पागोळीखाली टांगू नये.

वाढीच्या काळात १ लिटर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत मिसळून पंधरा दिवसांतून एकदा फवारावे. गोगलगायी मुळांची कोवळी टोके खातात; त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात. आंब्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावताना ती या मुळांवर येऊ देऊ नये.

नवीन मुळे सालीला घट्ट धरल्यावर काथ्या सोडावा. पहिल्या वर्षी फूल आले नाही म्हणून रोप हलवू नये. दरवेळी जागा बदलल्यास मुळे तुटतात व रोप पुन्हा मागे पडते.

यंदा बांडगुळे काढण्यास गडी झाडावर चढवण्यापूर्वी त्याला हा फरक अवश्य दाखवावा.