वियोगदुःख आणि सोबत्याचे कर्तव्य

बालाघाटाच्या पठारावरील नेकनूर हे बीड तालुक्यातील आठवडी बाजाराचे गाव. या परिसरातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथे एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल त्या जोडीच्या हिशेबाने मिळते. जोडीतील एक जण दगावला, तर संसाराबरोबर तो कोयताही मोडतो आणि उचल मात्र मागे उरते.

अशा घरी पत्नी निवर्तली आहे असे समजावे. पतीचा मित्र दुसऱ्या टोळीबरोबर दूर गेलेला असतो. तो चार-पाच महिन्यांनी गावी येतो, तेव्हा दहावा-तेरावा कधीच होऊन गेलेला असतो. विषय काढावा तर जखम उकलेल, न काढावा तर परकेपणा दिसेल, अशा पेचात तो पाऊसपाण्याच्या चार गोष्टी बोलून उठतो. तो वासनिक असेल तर कदाचित ‘देह नाशिवंत आहे, मोह सोडावा’ असे सांगून उठतो. पहिला मित्र भयाने मुका राहिला, दुसरा ज्ञानाने बोलला. परंतु ऐकले कोणीच नाही.

या प्रसंगी काय करावे, याचा पाठ पंथाच्या पूर्वेतिहासातच आहे.

प्रसंग

13 व्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. सन्निधान अंतरले आणि शिष्यपरिवार विरहाने व्याकुळ झाला. पुढे ही मंडळी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. तेथे वाजेश्वरीच्या स्थानी श्रीनागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, एकांती बसून स्वामींच्या लीळांचे चिंतन करीत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि ते काय करीत आहेत, असे त्यांस विचारले. लीळांचे स्मरण चालले आहे, हे कळताच त्या लीळा आपणास सांगाव्यात, अशी त्यांनी विनंती केली. लीळाचरित्राचा उगम या विचारण्यात आहे, असे परंपरा सांगते.

निरूपण

येथे प्रश्न कोणी केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हाइंभट सराळ्याचे, शास्त्रनिपुण. स्वामींकडे ते प्रथम आले ते विद्येचा अभिमान घेऊन. शोकावर प्रवचन करण्याचे सामर्थ्य त्यांच्याइतके क्वचितच कोणापाशी असेल. तथापि भटोबासांसमोर त्यांनी ते वापरले नाही. त्यांनी विचारले, आणि मग ऐकले.

दुसरे असे की, त्यांचे ऐकणे एका बैठकीत संपले नाही. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्यापर्यंत गावोगाव जाऊन त्यांनी लीळा मिळविल्या आणि भटोबासांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. सांगणाऱ्यांच्या आठवणीत जेथे फरक पडला, तेथे पाठभेदही ग्रंथात राहिले. आठवण सांगणाऱ्याचा शब्द आपल्या सोयीने बदलू नये, हा त्यातील संकेत आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. केशिराजबास संस्कृतात रचना करू इच्छित होते, तेव्हा भटोबासांनी त्यांस आवरले. त्यामुळे साध्या वृद्ध स्त्रिया वंचित होतील, हे त्यांचे कारण होते. ज्ञानाच्या बाबतीत जे खरे, ते सांत्वनाच्या बाबतीत अधिक खरे. दुःखिताच्या दाराशी त्याचीच बोली घेऊन जावे.

श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांचेही चरित्र सिद्ध केले. आणि भटोबासांच्या पश्चात त्यांच्या आठवणी ‘स्मृतिस्थळा’त जतन झाल्या. तीन वियोग घडले, आणि तिन्ही वेळा मागे राहिलेल्यांनी एकत्र बसून आठवले.

शंका आणि समाधान

येथे साधकाच्या मनात शंका येईल. परमेश्वराच्या लीळांचे स्मरण हे साधन आहे. पत्नीची वा पुत्राची आठवण ही ममता. दोन्ही एका मापाने कशी मोजावीत? मोजू नयेतच. म्हाइंभटांच्या प्रसंगातून आप्तांच्या स्मरणास साधनाचे स्थान मिळत नाही. परंतु येथे विचार शोकाच्या योग्यतेचा नसून सोबत्याच्या आचरणाचा आहे. सामोरा माणूस कशात बुडाला आहे, हे विचारल्याविना त्याला तीर दाखविता येत नाही. अनित्यतेचा बोध सत्यच आहे. तो ज्याने त्याने प्रथम स्वतःला करावा. दुःखित स्वतः विचारील, तेव्हा त्यालाही सांगावा. अवेळी केलेला बोध ऐकणाऱ्यास घाव वाटतो, आणि वाणीनेही कोणास दुखवू नये, हे अहिंसेच्या उपासकास वेगळे सांगावयास नको.

आचरण

उन्हाळ्यात परतलेल्या त्या मित्राने म्हणून उशीर झाला तरी जावे. उशिराची लाज बाळगून न जाणे, हा दुसरा उशीर होय. गेल्यावर गेलेल्या व्यक्तीचे नाव घ्यावे. ते नाव घरात कोणी घेत नाही, हेच पुष्कळदा घरातील मोठे दुःख असते. ‘शेवटी काय झाले?’ एवढ्यावर न थांबता ‘वहिनी फडावर कशा असत?’ असे विचारावे. तो रडला तर रडू द्यावे. गप्प राहिला तर सोबत गप्प बसावे. मग हाताने करण्याचे काम शोधावे : मुकादमाच्या हिशेबास बरोबर जावे, लेकरांच्या शाळेची चौकशी करावी, पुढल्या हंगामाचा विचार त्याच्यासह करावा. आणि पुढील बाजाराच्या दिवशी पुन्हा जावे. म्हाइंभटही एकदाच विचारून थांबले नव्हते.

चिंतनार्थ

1. म्हाइंभटांनी भटोबासांस बोध न करता प्रश्न का केला असावा?
2. परमेश्वराचे स्मरण आणि आप्तांची आठवण यांत भेद कोणता? सोबत्याच्या कर्तव्यात त्यामुळे फरक पडतो काय?
3. आपल्या गावात असे कोणते घर आहे, जेथे जावयाचे राहून गेले आहे?

॥ दंडवत प्रणाम ॥