शाळांचे अंदाजपत्रक आणि प्रशासकीय पदे : कॅलिफोर्नियातील वादाचा एक अभ्यास

शाळांच्या खर्चात कपात करण्याची वेळ आली की एक मागणी हटकून पुढे येते : "वर्गाला हात लावू नका, कचेरीतील माणसे कमी करा." ही मागणी पालक करतात, शिक्षक करतात आणि कर भरणारे नागरिकही करतात. तिच्यामागील भावना स्वाभाविक आहे. मुलाला शिकविणारा शिक्षक डोळ्यांपुढे असतो; त्याच शाळेचा हिशेब ठेवणारा लेखापाल कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु ही मागणी आकड्यांच्या कसोटीला कितपत उतरते आणि तिच्यात सत्याचा अंश किती, याचा विचार शांतपणे झाला पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव यासाठी विशेष उपयुक्त आहे. तेथे हा वाद अनेक दशके जाहीर सभांतून चालत आला आहे आणि प्रशासकीय पदे किती असावीत, याचे प्रमाण प्रत्यक्ष कायद्यानेच घालून दिले आहे.

शाळा-जिल्हा म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. अमेरिकेतील 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपल्याकडील महसुली जिल्हा नव्हे. केवळ शाळा चालविण्यासाठी स्थापन झालेली ती एक स्वतंत्र स्थानिक संस्था असते. कॅलिफोर्नियात असे नऊशेहून अधिक शाळा-जिल्हे आहेत. काही केवळ प्राथमिक शाळा चालवितात, काही केवळ माध्यमिक, तर काही दोन्ही. या तिसऱ्या प्रकारास संयुक्त जिल्हा म्हणतात. मतदारांनी निवडलेले शाळा-मंडळ धोरण ठरविते व अंदाजपत्रक मंजूर करते. मंडळाने नेमलेला अधीक्षक कारभार पाहतो. १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार मंडळाच्या बैठका खुल्या असतात, नियमित बैठकीची कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी प्रसिद्ध करावी लागते आणि नागरिकांना बोलण्याची संधी द्यावी लागते. त्यामुळे कपातीचा प्रश्न आला की सभागृह भरून जाते आणि चर्चा मध्यरात्रीपर्यंत लांबते.

पैसा कोठून येतो?

पूर्वी या जिल्ह्यांचा मोठा आधार स्थानिक मालमत्ता कर हा होता. त्यातून विषमता निर्माण झाली. १९६८-६९ मध्ये बेव्हर्ली हिल्स या धनिक वस्तीत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १,२३२ डॉलर खर्च होत, तर बाल्डविन पार्क या सामान्य वस्तीत सुमारे ५७७ डॉलर. विशेष म्हणजे बाल्डविन पार्कचे रहिवासी कराचा दर दुपटीहून अधिक भरत होते. घरांच्या किमतीच कमी असल्याने दर वाढवूनही उत्पन्न तोकडे पडे. 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये व पुन्हा १९७६ मध्ये ही पद्धत समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली.

त्यानंतर लवकरच, ६ जून १९७८ रोजी, मतदारांनी 'प्रस्ताव १३' सुमारे ६५ टक्के मतांनी संमत केला. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला. मूल्यांकन १९७५-७६ च्या पातळीवर नेण्यात आले आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत ते वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढू नये असे ठरले. मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. शाळांचा मुख्य भार राज्यावर आला. १९८८ च्या 'प्रस्ताव ९८' ने शिक्षणावरील किमान खर्चाची हमी दिली; तथापि दर वर्षी किती रक्कम मिळणार, हे राज्याच्या तिजोरीवर अवलंबून राहिले. निर्णय घेणारे मंडळ गावात आणि पैसा देणारे सरकार राजधानीत, अशी ही रचना झाली.

येथे आणखी एक मेख आहे. राज्याचे अनुदान पटावरील नावांवर नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या सरासरी दैनंदिन उपस्थितीवर ठरते. विद्यार्थी घटले की उत्पन्न घटते. परंतु खर्च त्याच प्रमाणात घटत नाही. तीस मुलांच्या वर्गातून दोन मुले गेली, तरी शिक्षक एकच लागतो, खोली एकच लागते आणि दिवेही तेवढेच लागतात.

कायद्याने आखलेली मर्यादा

प्रशासकीय पदांविषयीचा संशय कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळाने फार पूर्वी ओळखला होता. राज्याच्या शिक्षण-संहितेनुसार दर १०० शिक्षकांमागे प्राथमिक जिल्ह्यात ९, संयुक्त जिल्ह्यात ८ आणि माध्यमिक जिल्ह्यात ७ याहून अधिक प्रशासकीय कर्मचारी असू नयेत. मर्यादा ओलांडणाऱ्या जिल्ह्याचे अनुदान कापले जाऊ शकते. तसेच चालू शैक्षणिक खर्चापैकी अनुक्रमे किमान ६०, ५५ व ५० टक्के रक्कम वर्गात शिकविणाऱ्यांच्या वेतनावर व लाभांवर खर्च झाली पाहिजे, असेही बंधन आहे.

हे नियम वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रशासकीय कर्मचारी या संज्ञेत येथे शैक्षणिक अर्हतापत्र आवश्यक असलेली, पण शिक्षक किंवा विद्यार्थी-सेवक या वर्गात न मोडणारी पदे येतात. उदाहरणार्थ अधीक्षक व मुख्याध्यापक. लेखनिक, लेखापाल, भांडारपाल यांची गणना त्यात होत नाही. म्हणजे सभेत जेव्हा एक बाजू "प्रशासन फुगले आहे" म्हणते आणि दुसरी बाजू "आम्ही कायद्याच्या मर्यादेत आहोत" म्हणते, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात. कारण दोघे वेगवेगळी माणसे मोजत असतात. वादाचा निम्मा भाग या मोजणीतच अडकलेला असतो.

आकड्यांची कसोटी

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका संयुक्त जिल्ह्यात ५०० शिक्षक आहेत. कायद्याच्या कमाल मर्यादेप्रमाणे तेथे ४० प्रशासकीय पदे असू शकतील. वार्षिक खर्च १५ कोटी डॉलर आणि तूट ६ टक्के, म्हणजे ९० लाख डॉलर, असे समजू. प्रत्येक प्रशासकीय पदावर वेतन व लाभ मिळून दोन लाख डॉलर खर्च होतात असे धरले, तर चाळीसही पदे रद्द करून ८० लाख डॉलर वाचतील. सर्व शाळा मुख्याध्यापकाविना आणि जिल्हा अधीक्षकाविना ठेवूनही दहा लाखांची तूट शिल्लक राहील. चौथा हिस्सा पदे कमी केली, तर वाचणारी रक्कम अवघी २० लाख असेल.

याचा अर्थ प्रशासनात काटकसर करू नये, असा नाही. २० लाख डॉलर ही रक्कम लहान नव्हे. तथापि शिक्षणसंस्थेचा बहुतेक खर्च वेतनाचा असतो आणि वेतन घेणाऱ्यांत शिक्षक सर्वांत अधिक असतात. त्यामुळे मोठी तूट केवळ कचेरीतून भरून निघत नाही, हे गणित मान्य करावेच लागते.

कचेऱ्या वाढतात त्यालाही कारणे आहेत. १९६५ च्या संघराज्य कायद्याने गरीब मुलांच्या शिक्षणासाठी आणि १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांच्या शिक्षणासाठी दायित्वे निश्चित झाली. ही दायित्वे न्याय्यच आहेत. पण प्रत्येक योजनेबरोबर स्वतंत्र हिशेब, स्वतंत्र अहवाल व ते तयार करणारी माणसे आली. तात्पुरत्या पैशाची गोष्टही अशीच. करोना साथीच्या काळात २०२० व २०२१ मध्ये तीन कायद्यांद्वारे संघराज्य सरकारने देशातील शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. त्यातील अखेरच्या व सर्वांत मोठ्या हप्त्याचे नियोजन ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण करावयाचे होते. अनेक जिल्ह्यांनी या एकवेळच्या पैशातून कायमसारखी पदे भरली. पैसा संपला, पदे राहिली.

रिचमंड व ओकलंड

हिशेबाकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते, याचे पहिले उदाहरण रिचमंडचे. महत्त्वाकांक्षी योजनांवर खर्च वाढत गेला आणि एप्रिल १९९१ मध्ये जिल्ह्याने जाहीर केले की, पैसे संपल्यामुळे शाळा सत्रसमाप्तीच्या सहा आठवडे आधी बंद होतील. सुमारे ३१,५०० मुलांचे वर्ष धोक्यात आले. पालक न्यायालयात गेले. एका जिल्ह्याच्या गैरकारभारामुळे मुलांचा शिक्षणाचा समान हक्क हिरावला जाऊ शकत नाही, शाळा चालू ठेवण्याची अंतिम जबाबदारी राज्याची आहे, असे तत्त्व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मान्य केले.

त्याच १९९१ साली नवा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्याने वर्षातून दोनदा आपली आर्थिक स्थिती तपासून चालू वर्षाचे व पुढील दोन वर्षांचे देणे भागविता येईल की नाही, हे प्रमाणित करावे असे ठरले. येईल, कदाचित येणार नाही, येणार नाही, असे या प्रमाणपत्राचे तीन प्रकार आहेत. काउंटीच्या शिक्षण-कार्यालयाने त्यावर देखरेख ठेवावयाची आणि वेतनकरार मंजूर होण्यापूर्वी त्याचा खर्च जनतेपुढे मांडावयाचा, अशीही तरतूद झाली.

तरीही २००३ मध्ये ओकलंड जिल्हा बुडाला. राज्याने १० कोटी डॉलरच्या कर्जाची तरतूद केली. मात्र त्या बदल्यात निवडून आलेल्या मंडळाचे अधिकार काढून राज्याचा प्रशासक नेमला. मंडळाला पूर्ण कारभार परत मिळेपर्यंत २००९ साल उजाडले आणि कर्ज फिटण्यास २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. कर्ज घेतले तेव्हा पहिलीत असलेली मुले तोवर स्वतः पालक होण्याच्या वयाची झाली होती.

या शहरातील विद्यार्थिसंख्या २००० च्या सुमारास पन्नास हजारांहून अधिक होती. अलीकडे ती सुमारे ३४ हजारांवर आली. लहान लहान शाळा पुष्कळ राहिल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंडळाने काही शाळा बंद करण्याचा व काही जोडण्याचा ठराव केला. दोन शिक्षकांनी उपोषण केले, पालकांनी एका शाळेच्या इमारतीत ठाण मांडले. बंद होणाऱ्या शाळा प्रामुख्याने कृष्णवर्णीय व गरीब वस्त्यांत होत्या, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये नव्या मंडळाने उरलेल्या शाळा बंद करण्याचा निर्णय मागे घेतला. आर्थिक संकटातील जिल्ह्याने शाळा बंद करण्यापूर्वी त्याचा कोणत्या मुलांवर काय परिणाम होईल हे तपासावे, असा कायदाही २०२२ मध्येच झाला.

येथे वादातील एक अवघड गाठ दिसते. प्रत्येक शाळेला मुख्याध्यापक लागतो, लेखनिक लागतो, रखवालदार लागतो. शाळा जितक्या अधिक, तितकी ही पदे अधिक. "प्रशासन कमी करा" आणि "आमची लहान शाळा ठेवा" या दोन्ही मागण्या एकाच सभेत, पुष्कळदा एकाच तोंडून येतात. पण त्या एकमेकींना विरुद्ध दिशेने ओढतात. वस्तीतली शाळा टिकविणे योग्य असू शकते. मात्र त्याची किंमत म्हणून येणारा व्यवस्थापनाचा खर्च मान्य केला पाहिजे.

वेळापत्रकाची अडचण

सामान्य शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत जाचक गोष्ट वेळापत्रकाची आहे. पुढील वर्षी सेवा संपुष्टात येण्याचा संभव असल्यास शिक्षकास १५ मार्चपर्यंत प्राथमिक सूचना आणि १५ मेपर्यंत अंतिम सूचना द्यावी लागते. राज्यपालांचे सुधारित अंदाजपत्रक मात्र मेच्या मध्यास येते व कायदेमंडळाची मंजुरी १५ जूनपर्यंत मिळते. म्हणजे हाती किती पैसा येणार हे कळण्यापूर्वीच जिल्ह्याला माणसे कमी करण्याची सूचना द्यावी लागते. सावधगिरी म्हणून अधिक सूचना निघतात आणि पुढे त्यांतील कितीतरी मागे घेतल्या जातात. कायदा शिक्षकाच्या संरक्षणासाठी केला. पण त्याच्या पोटी दर टंचाईच्या वर्षी वसंत ऋतूत शेकडो घरांत अनिश्चितता येते. ज्यांची सेवा सर्वांत अल्प, अशा तरुण शिक्षकांना ती प्रथम भोगावी लागते.

आपल्यासाठी बोध

आपली व्यवस्था वेगळी आहे. कर व अनुदान यांची रचनाही वेगळी आहे. तरीही एक बाब समान आहे. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि १५० हून अधिक मुले असतील तर पाच शिक्षक व एक मुख्याध्यापक, असे प्रमाण आहे. येथेही पटसंख्या घटली की पदांचा प्रश्न उभा राहतो. याच कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामे देण्यास मनाई केली आहे. कचेरीतील लेखनिकाचे पद रिक्त राहिले, तरी त्याचे काम रिक्त राहत नाही. ते कोणाच्या तरी टेबलावर जाऊन पडते. आणि लहान शाळेत ते टेबल बहुधा शिक्षकाचे असते. असे झाल्यास कागदावर कचेरीतील कपात दिसते, प्रत्यक्षात ती वर्गातच होते.

म्हणून पद किती आहेत, एवढ्यावर न थांबता, प्रत्येक पद कोणते काम करते, ते काम कायद्याने आवश्यक आहे काय आणि पद रद्द झाल्यास ते कोण करील, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ज्या पदाबाबत यांची समाधानकारक उत्तरे मिळत नाहीत, ते पद निःसंकोच रद्द करावे. उत्तरे मिळत असतील, तर लोकप्रियतेसाठी त्यावर कुऱ्हाड चालवू नये. आणि ही उत्तरे अधिकाऱ्यांच्या दप्तरात न राहता कपातीची सभा भरण्यापूर्वी पालकांच्या हाती, त्यांना समजेल अशा भाषेत, पडली पाहिजेत. ओकलंडच्या नागरिकांनी हिशेबाच्या चुकीपायी आपल्या निवडून दिलेल्या मंडळाचे अधिकार सहा वर्षे गमावले, हे विसरून चालणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत शिक्षकांकडे असलेली कारकुनी कामे कोणती? त्यांवर आठवड्यातून किती तास जातात?

२. अनुदान पटसंख्येवर द्यावे की प्रत्यक्ष उपस्थितीवर? प्रत्येक पद्धतीचा लहान शाळेवर काय परिणाम होईल?

३. एकवेळ मिळणारा निधी कोणत्या कामांवर खर्च करणे योग्य आणि कोणत्या कामांवर अयोग्य?

४. वस्तीतील लहान शाळा टिकविण्याचा अतिरिक्त खर्च कोणी सोसावा, असे आपणास वाटते?