मोटारीची पुंगळी

पावसाळ्यात इस्लापूरला आलात, तर सहस्रकुंडाचा धबधबा पाहिल्याशिवाय कोणी तुम्हाला परत जाऊ देणार नाही. पैनगंगा तेथे काळ्या खडकांवरून खाली कोसळते आणि पाणी दिसण्याआधी त्याचा आवाज कानी येतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मात्र धबधब्याच्याही आधी आम्हाला एका मोटारीचा आवाज ऐकू आला. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून बायको-मुलांसह आला होता. त्याने वापरलेली ऑक्टेव्हिया घेतली होती. ही मोटार 2001 पासून आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या) शेंद्रा येथे जुळवली जाऊ लागली आणि 2023 मध्ये तिची भारतातील विक्री थांबली. चार दारांची, मागे डिकी असलेली आणि अंगात चांगला जोर असलेली ही गाडी. गंजलेला सायलेन्सर बदलताना त्याने एका गॅरेजमध्ये ‘जरा मोकळा’ सायलेन्सर बसवून घेतला होता.

गाडीतून उतरल्यावर मागच्या आसनावरची दोन्ही मुले गप्प होती. त्यांचे डोके दुखत होते, एकाला मळमळत होते. घाटावळणाचा रस्ता नाही, मग गाडी लागली कशी? मला शंका आली. मी त्याला म्हटले, “अरे, आधी इंजिन बंद कर आणि चारही दारे उघड.” शंका का आली, हे कळण्यासाठी आपल्याला गाडीखाली वाकून पाहावे लागेल.

आपल्याकडे मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हणतात आणि तिच्या सायलेन्सरला ‘पुंगळी’. ही दोन्ही नावे ठेवणाऱ्यांना विज्ञान ठाऊक नसेल, पण कान मात्र तयार होते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण जळते, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि नंतर निकासाची झडप उघडते. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो वायू एकदम नळीत घुसतो व ‘फट्’ असा आवाज होतो. चार आघातांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा असा ‘फट्’ करतो. एकच सिलिंडर असलेली बुलेट मिनिटाला 900 फेऱ्यांवर उभी असेल, तर सेकंदाला साडेसात ‘फट्’ होतात. ते आपल्याला सुटे सुटे ऐकू येतात. चार सिलिंडरची मोटार 3,000 फेऱ्यांवर असेल, तर सेकंदाला 50 फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोन ‘फट्’, म्हणजे सेकंदाला 100. इतके जवळ आले की ‘फट् फट्’ संपते आणि घुमणारा स्वर सुरू होतो. त्याची वारंवारता 100 हर्ट्झ.

हा स्वर दाबण्याचे काम पुंगळीचे. अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी 1897 मध्ये इंजिनाच्या अशा आवाजशामकाचे पेटंट घेतले. तेव्हापासून कल्पना दोनच आहेत.

पहिली कल्पना लहरींना लहरींशी लढवण्याची. अरुंद नळीतून आलेली ध्वनिलहर एकदम रुंद डब्यात शिरली की तिचा काही भाग मागे परततो. डब्यातून पुन्हा अरुंद नळीत जाताना आणखी काही परततो. डब्याची लांबी नीट योजली तर परतलेली लहर आणि नवी लहर यांची गाठ अशी पडते की एकीचा चढ व दुसरीचा उतार एकाच वेळी येतो आणि दोघी एकमेकींना खोडतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत (1989) सायलेन्सरचे वर्णन करताना अशा विस्तार-कक्षाचाच उल्लेख आहे. कायद्याच्या पुस्तकात पदार्थविज्ञान असे क्वचितच सापडते!

दुसरी कल्पना आवाज शोषून घेण्याची. भोके पाडलेली सरळ नळी, तिच्याभोवती काचतंतू किंवा पोलादी तारांचा लोकर, वर पत्र्याचे आवरण. लहरी तंतूंमध्ये शिरतात, घर्षणाने त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. ‘मोकळा’ सायलेन्सर तो हाच. वायूला वळसे घ्यावे लागत नाहीत, म्हणून तो सहज निघतो. पण एक मेख आहे. तंतू उंच स्वर छान गिळतात, खर्जाचे स्वर त्यांना फारसे गिळता येत नाहीत. त्यामुळे गाडीचा आवाज भारदस्त होतो आणि ठरावीक वेगाला आत बसणाऱ्याच्या कानात भुंगा घुमू लागतो. माझ्या विद्यार्थ्याने हेच सांगितले, “सर, महामार्गावर 2,400 फेऱ्यांच्या आसपास डोके उठते. त्याच्या वर किंवा खाली काही नाही.”

2,400 फेऱ्या म्हणजे 80 हर्ट्झ. मोटारीच्या आतली हवा ही एखाद्या बंद पेटीतल्या हवेसारखी असते. तिला सुद्धा आवडते स्वर असतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून पाहा. ती एकच स्वर देते. थोडे पाणी घाला, स्वर चढतो. गाडीच्या पेटीचा आवडता स्वर आणि पुंगळीचा स्वर जुळला की अनुनाद होतो.

उपाय पुन्हा लहरींचाच. मुख्य नळीला एका बाजूने, दुसरे टोक बंद असलेली नळी जोडायची. लहर तिच्यात जाते, बंद टोकावर आपटून परत येते. नळीची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी असेल, तर जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी पडते आणि लहर बरोबर उलटी होऊन मुख्य नळीत येते. आता गणित करू. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो, पण तापलेल्या वायूत तो वाढतो. 300 अंश सेल्सियसला तो सुमारे 480 मीटर होतो. 480 ला 80 ने भागले की तरंगलांबी 6 मीटर. तिचा चौथा हिस्सा दीड मीटर.

आता नळी किती जाड असावी? दुकानदार सांगतात, जितकी जाड तितकी गाडी जोरात. हे अर्धेच खरे आहे. गणित सोपे राहावे म्हणून टर्बो नसलेले 2 लीटरचे इंजिन घेऊ. मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर ते दोन फेऱ्यांत 2 लीटर, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 100 लीटर हवा ओढते. बाहेर पडताना नळीत वायू 500 अंशांच्या आसपास असेल, तर तो फुगून सुमारे 260 लीटर होतो. 50 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून एवढा वायू जायचा, तर त्याला सेकंदाला सुमारे 132 मीटर वेगाने पळावे लागेल. 63 मिलिमीटरच्या नळीत 83 मीटर पुरे. नळी जेमतेम सव्वापट जाड, पण घर्षणाने होणारी दाबाची हानी सुमारे एकतृतीयांश उरते, कारण ही हानी व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने घटते. एवढ्याने काम भागते. 63 ची 76 केली तर आणखी वाचणारी हानी मुळातच थोडी असते, आणि आवाज, वजन व गाडीखालची अडचण मात्र वाढते.

“पण सर, इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच म्हणतात, खरे का?” नाही. उलटा दाब कोणत्याच इंजिनाला उपयोगाचा नाही. गैरसमज कोठून आला ते सांगतो. झडपेतून सुटलेल्या वायूच्या लोंढ्यामागे क्षणभर दाब कमी होतो आणि तो सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढतो. नळी फार जाड केली की लोंढा मंदावतो, ही ओढ कमी होते आणि कमी फेऱ्यांवर गाडी मरगळते. लोकांना वाटले, दाब गेला म्हणून जोर गेला. गेला तो वायूचा वेग. ज्या गाडीला टर्बो असतो तिच्यात निकासाचा वायू आधी टर्बोचे चक्र फिरवतो. तेथे चक्राच्या पुढचा रस्ता मोकळा केला तर फायदा होतो, आणि चक्रामुळे आवाजही आधीच बराच मवाळ झालेला असतो.

पण रस्ता मोकळा करण्याच्या नादात एक डबा काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो कधीही मानू नये. तो डबा सायलेन्सर नव्हे, उत्प्रेरक परिवर्तक आहे. आपल्या देशात तो 1995 पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथील नव्या पेट्रोल मोटारींत आला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली चिनीमातीची वीट असते आणि छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे येथे कार्बन डाय-ऑक्साइड होते, नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून साधा नायट्रोजन होतो. बदल करायचाच असेल तर या डब्याच्या मागे करावा, पुढे नाही.

आणि आता त्या मुलांच्या डोकेदुखीकडे येऊ. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट आवडीने त्याला धरते. मग शरीराला ऑक्सिजन कोण पोचवणार? आधी डोके दुखते, मळमळते, झोप येते. आणि पुढे माणूस उठत नाही. धावत्या मोटारीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे गाडीखाली गळणारा धूर डिकीच्या फटीतून आत ओढला जाऊ शकतो. आम्ही मुलांना झाडाखाली मोकळ्या हवेत बसवले आणि मग दवाखान्यात दाखवून आणले. तासाभरात ती खेळू लागली.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर एका बादलीत साबणाचे पाणी केले. इंजिन सुरू केले आणि नळी तापायच्या आत प्रत्येक सांध्यावर पाणी शिंपडले. मागच्या चाकाजवळच्या सांध्यावर बुडबुड्यांचा फेस उसळला. मधली वॉशर जुनीच ठेवली होती आणि एक पट्टा तिरपा आवळला होता.

इस्लापुरातच एका मिस्त्रीने तो सांधा पुन्हा बसवला. त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचे नाही. आधी भक्कम टेकू. गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून चहा पिऊन यायचे. मग सगळे तुकडे नुसते अडकवायचे, काहीच आवळायचे नाही. नळी सगळीकडून बोटभर मोकळी आहे ना, हे हलवून पाहायचे आणि इंजिनाकडून मागे एकेक पट्टा आवळत यायचे. “नळी लोंबकळलीच पाहिजे, म्हणून तर रबराच्या कड्या,” तो म्हणाला. कारण उष्णता. तीन मीटर पोलादी नळी 400 अंशांनी तापली की सुमारे दीड सेंटीमीटर लांब होते. ती घट्ट बांधून ठेवली तर कोठेतरी तडकणारच.

जुना सायलेन्सर गंजला कशाने, हेही त्या दिवशी कळले. एक लीटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी तयार होते. लांब पल्ल्यावर त्याची वाफ होऊन जाते. रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते पुंगळीतच साचते.

कायद्याचे काय? नव्या मोटारीची चाचणी घेताना ती वेग वाढवत पुढे जात असता साडेसात मीटरवर ध्वनिग्राहक ठेवतात. आवाज 74 डेसिबलच्या आत हवा. पुण्याची ‘एआरएआय’ ही 1966 मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या अशा चाचण्या करते. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट झाली, म्हणून 84 म्हणजे ‘थोडेसे जास्त’ नव्हे. ध्वनी व हवा यांच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड, तुरुंगवासही, आणि परवाना तीन महिने अपात्र. पुण्यासारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्या रोडरोलरखाली चिरडल्या, ते तुम्ही छायाचित्रांत पाहिले असेल. त्यांत बहुतेक बुलेटच्या होत्या.

माझ्या विद्यार्थ्याने पुण्याला गेल्यावर मागचा डबा काढून मूळ बनावटीचा बसवला. भुंगा गेला. दीड मीटरची नळी बसवण्याची त्याची फार इच्छा होती, पण गाडीखाली तेवढी जागा निघाली नाही.

तुमच्यासाठी एक गणित. तीन सिलिंडरची एक लहान मोटार त्याच 2,400 फेऱ्यांवर घुमते. नळीतला वायू 300 अंशांचाच आहे. तिला बाजूची बंद नळी किती लांब लागेल? उत्तर काढल्यावर घराजवळच्या एखाद्या लहान मोटारीखाली वाकून पाहा, इंजिन बंद असताना, आणि एवढी नळी कोठे वळवून बसवता येईल त्याचे चित्र काढा.